राजाला हसू नका

माझ्या काउंटरच्या काचेखाली एक चिठ्ठी आहे. तिच्यावर माझ्याच अक्षरात, लेजर लिहायच्या वळणदार अक्षरात, एक आकडा लिहिलेला आहे. (लेजरं शाखेतून जाऊन कैक वर्षं झाली, अक्षर तेवढं मागं राहिलं.) तो आकडा असा :

१८४४६७४४०७३७०९५५१६१५

या चिठ्ठीनं मला बँकेत जेवढी प्रसिद्धी मिळवून दिली तेवढी माझ्या वीस-बावीस वर्षांच्या नोकरीनं दिली नाही. एका गृहस्थांनी काचेवर नाक टेकवून विचारलं, "साहेब, एवढी शिल्लक कुणाची हो?" दुसऱ्या एका बाईंनी तो आकडा मुकाट्यानं वहीत उतरवून घेतला. त्यांना वाटलं, तक्रार करायचा फोन नंबर आहे. एक दिवस तर आमचे शाखाधिकारी हळूच जवळ येऊन म्हणाले, "अहो, ऑडिटवाले येताहेत. तुमचा पासवर्ड काढून ठेवा."

म्हटलं, साहेब, हा पासवर्ड नाही. हा माझा गुरुमंत्र आहे. साहेबांनी माझ्याकडं जरा निराळ्या नजरेनं पाहिलं आणि त्या दिवशी मला कॅशवर बसवलं नाही.

तर आज या आकड्याची बाजू मांडायला मी उभा आहे. आकड्याला वकील कशाला लागतो, असं तुम्ही म्हणाल. या आकड्याला लागतो. कारण गेली हजार वर्षं जग त्याची गोष्ट सांगतं आहे, ती ऐकून पोटभर हसतं आहे, आणि हसता हसता त्याच खड्ड्यात पडतं आहे. त्या पडलेल्यांत एक वाणिज्य पदवीधरही होता. त्याचं नाव मी सांगत नाही. लेखाच्या वरती छापलेलं आहे.

आधी आकडा वाचून घेऊ. शाखेत मी पैज लावली होती, की जो हा आकडा न अडखळता वाचील त्याला चहा. सगळे कोटीपर्यंत ऐटीत गेले, अब्जाशी चाचरले आणि पुढं बसले. अब्जाच्या पुढं आपण मराठी माणसं सहसा जातच नाही. पगारच तसा असतो. पण आपल्या पूर्वजांची तयारी दांडगी होती. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'लीलावती'त एकं-दहंपासून थेट परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं देऊन ठेवली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्या हिशेबानं आमचा आकडा होतो : एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, चार मध्य, सहा अंत्य, सात जलधी, चार शंकू, चार महापद्म, शून्य निखर्व, सात खर्व, तीन अब्ज, सत्तर कोटी, पंच्याण्णव लाख, एक्कावन्न हजार, सहाशे पंधरा. चेकवर अक्षरी रक्कम लिहायची म्हटली तर मागच्या बाजूलाही जागा पुरणार नाही.

आता गोष्ट. ती तुम्हाला ठाऊक आहे. बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या सिस्सा नावाच्या शहाण्यावर राजा खूष झाला. म्हणाला, माग काय हवं ते. तो म्हणाला, महाराज, पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दर घराला दुप्पट करत चौसष्ट घरांचे दाणे द्या. राजा हसला. कोठारवाला रडला. एकूण दाणे भरले ते वर लिहिले आहेत तेवढे.

ही दंतकथा आहे, राजाच्या सहीचा कागद कुणाजवळ नाही. पण आकडा दंतकथा नाही. अल्बेरूनीनं इ. स. १००० च्या सुमारास बसून तो बरोबर काढला होता. हातात ना कॅल्क्युलेटर, ना संगणक, ना ओव्हरटाइम.

आमच्या शाळेत मास्तरांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळा वर्ग राजाला हसला. मीही हसलो. माझं आजचं भांडण त्या हसण्याशी आहे. राजाला मूर्ख ठरवून मास्तर मोकळे झाले, आम्ही मोकळे झालो, आणि 'आपण काही तसे नाही' हा विश्वास दप्तरात घालून घरी आलो. हा विश्वास पुढं मला सात हजार दोनशे रुपयांना पडला.

राजाची बाजू कुणी तपासली आहे का? मी तपासली. गव्हाचे सुमारे पंचवीस दाणे म्हणजे एक ग्रॅम धरा. पटाची पहिली ओळ, म्हणजे आठ घरं भरली की दाणे होतात २५५. वजन दहा ग्रॅम. एक चमचा. राजा हसणार नाही तर काय करील? दुसरी ओळ संपली की ६५,५३५ दाणे, अडीच किलोच्या वर थोडे. आमच्या घरी एका आठवड्याच्या पोळ्या. तिसरी ओळ संपली की पावणेसात क्विंटलच्या आसपास. राजाच्या घरी सणावाराला एवढं लागतंच. चौथी ओळ संपली, निम्मा पट भरला, तेव्हा झाले ४,२९,४९,६७,२९५ दाणे. म्हणजे एकशे बहात्तर टनांच्या जवळपास. दहा टनी ट्रक धरले तर सतरा-अठरा ट्रक. कुठलाही बरा राजा हे सहज देईल, आणि वर ड्रायव्हरला चहापाणी.

म्हणजे लक्षात घ्या, निम्म्या पटापर्यंत राजाचंच बरोबर होतं! बत्तीस घरं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असती, तरी त्याला काही वावगं दिसलं नसतं. गडबड आहे ती उरलेल्या निम्म्या पटात. पाचवी ओळ संपताना चव्वेचाळीस हजार टन होतात आणि शेवटी सात-साडेसात हजार अब्ज क्विंटलांच्या घरात गहू लागतो. आज अवघ्या जगात वर्षाला साधारण ऐंशी कोटी टन गहू पिकतो. त्या हिशेबानं सिस्साची उधारी फेडायला जगाला नऊशेहून जास्त वर्षं लागतील. तीही कुणी एक पोळी न खाता.

तेव्हा राजाचा गुन्हा एवढाच, की सुरुवातीची घरं पाहून त्यानं शेवटच्या घरावर सही केली. हा गुन्हा असेल तर माझ्या ओळखीचे सगळे सभ्य लोक गुन्हेगार आहेत. आणि नुसते सभ्य नव्हे, विद्वानसुद्धा. त्याचा पुरावा याच आकड्याच्या पोटात आहे.

हा आकडा म्हणजे चौसष्ट ठिकाणी दोन मांडून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून एक वजा करायचा. शेवटी ५ आहे, म्हणजे पाचानं भाग जाणार. सगळे अंक मिळवले तर ८७ होतात, म्हणजे तिनानं भाग जाणार, नवानं नाही. एवढं तर आमच्या वेळी चौथीच्या पोरालाही येत होतं. पण त्याची फोड केली तर सहा आकड्यांचा गुणाकार मिळतो : ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. ही काही साधीसुधी मंडळी नाहीत. दोनाचा वर्ग, त्याचा वर्ग, पुन्हा त्याचा वर्ग करत जायचं आणि दर वेळी एक मिळवायचा, की ही मंडळी क्रमानं बाहेर येतात. (पहिल्या ३ साठी नुसते दोन आणि एक.)

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये तुलूझला फर्मा नावाचे एक कायदेपंडित होऊन गेले. दिवसा कोर्टकचेरी आणि फावल्या वेळात गणित, असा त्यांचा खाक्या. त्यांनी १६४० च्या सुमारास ही रांग पाहिली. ३, मूळ संख्या. ५, मूळ संख्या. १७, मूळ. २५७, मूळ. ६५५३७, तीही मूळ. फर्मासाहेबांनी म्हटलं, बस्स, पुढच्या सगळ्या मूळच असणार. आमच्या भाषेत सांगायचं तर पाच व्हाउचर तपासली आणि सहाव्यावर न बघता सही ठोकली.

ती सही ब्याण्णव वर्षं तशीच राहिली. मग १७३२ साली ऑयलर नावाचे ऑडिटर आले. त्यांनी सहावं व्हाउचर उघडलं आणि दाखवून दिलं, की ४२९४९६७२९७ ला ६४१ नं भाग जातो. भागाकार ६७००४१७, बाकी शून्य. आणि गंमत म्हणजे त्यानंतर या रांगेतले पुढचे जेवढे तपासून झाले त्यांतला एकही मूळ निघालेला नाही. पाच खरे, आणि नंतर सगळा आनंद.

फर्मासारखा माणूस पाच घरं बघून सहाव्या घराला फसतो, तिथं आपली काय कथा? आणि फर्माला कुणी हसत नाही. हसायला राजाच सापडतो.

आता माझी कथा सांगतो. साल २००९. लग्नाला दोन वर्षं झालेली. एका रविवारी माझे मेहुणे, म्हणजे आमच्या हिचे धाकटे बंधू, टाय लावून आले. मेहुणा रविवारी टाय लावून आला की त्या घराचं काही खरं नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यानं बॅगेतून कागद काढला, एक गोल काढला आणि म्हणाला, "भावोजी, हे तुम्ही."

म्हटलं, बरं.

त्या गोलाखाली त्यानं दोन गोल काढले. "तुम्ही फक्त दोन माणसं आणायची, भावोजी. फक्त दोन! तुमच्या ओळखीची दोन माणसं नाहीत?"

हा प्रश्न भलताच अवघड असतो. नाहीत म्हणावं तर बायकोसमोर अब्रू जाते. त्या दोघांनी दोन-दोन आणायची, त्या चौघांनी दोन-दोन. भरायचे सात हजार दोनशे, त्याबद्दल एक चुंबकीय गादी मिळायची. तिच्यावर झोपलं की गुडघेदुखी, मधुमेह आणि चिंता तिन्ही जायच्या. आणि तुमच्या डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक अशी जोडी जमली, की दर जोडीमागं सहाशे रुपये. मेहुणा गोल काढत गेला. पाचव्या ओळीला कागद संपला. मी त्याला दुसरा कागद दिला नाही, आणि सगळी चूक तिथंच झाली.

अहो, मी बी. कॉम. आहे! भूमिती श्रेढीची बेरीज मला पाठ होती. बारावीला चार मार्कांना आली होती, चारही मिळाले होते. ज्या सूत्रात मला पैकीच्या पैकी मार्क पडले, त्याच सूत्रात मी सात हजार दोनशे रुपये घातले. याला शिक्षण म्हणतात.

मग माझी दोन माणसं. उजव्या बाजूला आमचे हेड कॅशियर आले. त्यांना गुडघेदुखी होती. डाव्या बाजूला खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. काकूंना फॅमिली पेन्शन. ती दरमहा मीच त्यांना काउंटरवर मोजून द्यायचो. त्या म्हणाल्या, "तू बँकेतला माणूस. तू सांगतोस म्हणजे बघूनच सांगत असशील." मी काही बघितलं नव्हतं. पाच ओळी बघितल्या होत्या.

एक जोडी जमली. मला सहाशे रुपयांचा चेक आला. तो मी आमच्याच शाखेत भरला आणि वटला, याचा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! सहा महिन्यांनी कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं.

मी काकूंकडं गेलो. म्हटलं, काकू, तुम्ही तरी दोघांना सांगितलं होतंत का? निदान तुमचे थोडे निघाले असते. काकू गादीवरच बसल्या होत्या. म्हणाल्या, "अरे, मी कुणाला सांगू? माझ्या ओळखीतला पैसेवाला तूच. आणि तू तर माझ्या वर आहेस."

त्या रात्री मला झोप आली नाही. गादी चुंबकीय असूनही आली नाही. उठलो, कॅलेंडरचं मागलं पान घेतलं आणि मेहुण्यानं जिथं सोडलं होतं तिथून पुढं गोल मांडायला लागलो. दहाव्या ओळीत १,०२४ माणसं. विसाव्या ओळीत १०,४८,५७६. सत्ताविसाव्या ओळीत १३,४२,१७,७२८. २०११ च्या शिरगणतीत अख्खा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा भरला, म्हणजे तान्ही बाळं धरूनही ती ओळ पुरी होत नाही. तेहतिसाव्या ओळीला साडेआठ अब्जांच्या वर. एवढी माणसं आजही पृथ्वीवर नाहीत. पटावर एकतीस घरं शिल्लक आणि माणसं संपली!

पण खरी मेख तीसुद्धा नाही. 'तेहतिसाव्या ओळीपर्यंत जातंय कोण, भावोजी? त्याच्या आधी आपण निघून जाऊ,' असं मेहुणे लोक म्हणतातच. मेख आहे त्या 'वजा एक' मध्ये. एक आणि दोन मिळून तीन, पुढचं घर चार. एक, दोन, चार मिळून सात, पुढचं घर आठ. कुठंही थांबा, मागच्या सगळ्या घरांची बेरीज पुढच्या एका घरापेक्षा एकानं कमीच भरते. माझ्या चिठ्ठीवरचा आकडासुद्धा असाच आहे : पासष्टावं घर असतं तर त्यात जेवढे दाणे पडले असते, त्यापेक्षा बरोबर एक कमी.

हे गव्हावरून माणसांवर आणा म्हणजे अंगावर काटा येईल. अशी दुपटीची साखळी तिसऱ्या ओळीला बंद पडो, तेराव्याला पडो की तिसाव्याला, शेवटच्या ओळीतली माणसं वरच्या सगळ्या ओळींतल्या माणसांपेक्षा एकानं जास्तच असतात. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं अशी, की ज्यांच्या खाली कुणीही नाही. त्यांचे पैसे गेलेच. नशीब, मेहनत, टाय, कशानंही यात फरक पडत नाही. आमच्या गादीत तर सात हजार दोनशे सुटायला बारा जोड्या लागत होत्या. खाली तीन ओळी पुऱ्या भरल्या तरी सातच जोड्या होतात. म्हणजे चार ओळी हव्यात. म्हणजे तळाच्या चार ओळी कायम बुडीत. हिशेब करा, सोळातली पंधरा माणसं. ही योजना फसली म्हणून ती बुडाली नाहीत. योजना उत्तम चालली तरी बुडतात ती एवढी!

आणि तो 'एक', जो दर बेरजेत कमी पडतो, तो कोण? मला रात्री तीन वाजता उगीचच वाटलं, की तो कंपनीचा मालक असावा. शेवटची बेरीज करायला बसलं, की नेमका तोच जागेवर नसतो.

आता माझ्याविरुद्ध जे मुद्दे काढले जातात ते एकेक घेतो. मला ते पाठ आहेत. सासुरवाडीला गेलो की ऐकावे लागतात.

पहिला मुद्दा : लोक लोभी असतात म्हणून फसतात. अजिबात मान्य नाही. काकूंना लोभ कसला? पेन्शनमधून उरलेल्या पैशांत गुडघे बरे झाले तर पाहावं, एवढाच. लोभी माणूस निदान हिशेब करतो. फसतो तो विश्वास ठेवणारा. आणि हा विश्वास नेमका ओळखीच्या माणसावर असतो. ही साखळी परक्या माणसाच्या जोरावर चालतच नाही. ती मेहुण्यावर चालते, शेजाऱ्यावर चालते आणि सांगायला लाज वाटते, बँकेतल्या माणसावर चालते. पैसे बुडाले ते बुडालेच, पण वर दोन घरांचं येणंजाणं बुडतं त्याची नोंद कुठल्या खात्यात करायची?

दुसरा मुद्दा : याला कायदा आहे. आहे ना! बक्षिसी चिट्स आणि पैशांच्या साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ चा आहे, म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठा. बेकायदा ठेव योजनांवर बंदीचा कायदा २०१९ चा. थेट विक्रीच्या नियमांनी २०२१ मध्ये अशा मनोऱ्यांना पुन्हा एकदा मनाई केली. कायदे ओळीनं उभे आहेत. पण कायदा येतो तो कुलूप लागल्यावर पंचनाम्याला. पाचव्या ओळीला कागद संपतो तेव्हा तिथं पोलीस नसतो, मेहुणा असतो.

तिसरा मुद्दा : हे आपल्याकडंच चालतं, अडाणी लोकांत. हेही खोटं. अमेरिकेत बॉस्टनमध्ये १९२० साली चार्ल्स पाँझीनं पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा द्यायची बोली केली आणि पुढच्याच्या पैशांतून मागच्याला देत राहिला. काही महिन्यांत सगळं कोसळलं. अल्बानियात तर घरं विकून लोकांनी असल्या योजनांत पैसे घातले. १९९७ साली त्या बुडाल्या तेव्हा दंगे पेटले, माणसं मेली, सरकार गेलं. एका साध्या दुपटीनं आख्खा देश पटावरून खाली उतरवला.

चौथा मुद्दा माझ्या वर्मी लागणारा : "तुमची बँक तरी काय करते? तीही दुप्पटच करून देते ना?" देते. पण बहात्तरला व्याजाच्या दरानं भागा म्हणजे दुपटीची वर्षं मिळतात. सात टक्क्यांनी दहा वर्षांच्या वर. या चालीनं चौसष्ट वेळा दुप्पट व्हायला साडेसहाशे वर्षं लागतील. म्हणजे बहामनी राजवटीत एक रुपया ठेवून आज पासबुक भरायला यायचं, आणि तेही छापायचं मशीन चालू असलं तर. बँकेची दुप्पट कुणाच्या तरी दुकानातून, शेतातून, कारखान्यातून फिरून येते, म्हणून तिला वेळ लागतो. गादीची दुप्पट शेजारच्या काकूंच्या पर्समधून येते, म्हणून ती रविवारी दुपारी होते. (आमची बँक काउंटरवर आणखी काय काय विकायला लावते त्यावर मी आत्ता बोलत नाही. मला अजून नोकरी आहे.)

तेव्हा माझी मागणी एवढीच, की हा आकडा शाळेत शिकवा. सूत्र नको. सूत्र मला येत होतं. आकडा शिकवा. पोरांना वर्गात पट द्या, डबाभर गहू द्या आणि घालायला सांगा दाणे. दुसऱ्या ओळीच्या शेवटाला डबा संपतो, तिथं त्यांना पुढचं घर कुणाचं, असं विचारा. 'मूर्ख राजा' हे शब्द धड्यातून काढून टाका. ज्या पोराला राजा मूर्ख वाटतो ते पोर मोठेपणी टाय लावणाऱ्यासमोर बसून माना डोलवतं. ज्याला कळतं की त्या सिंहासनावर मी असतो तरी हसलोच असतो, त्याच्या वाचायची काही आशा आहे. आपल्याच देवळालीत द. रा. कापरेकर नावाच्या शाळामास्तरांनी ६१७४ या चार अंकी संख्येची गंमत शोधली आणि ती जगभर गेली. एका मराठी शाळामास्तराला चार अंकांचं एवढं सापडतं, तर बाकीच्यांनी वीस अंकांना एक तास द्यायला काय हरकत आहे?

आमच्या शाखेचा संगणकसुद्धा या आकड्याला मानतो. चौसष्ट खणांत, प्रत्येक खणात शून्य किंवा एक, असं त्याचं मोजणं असेल तर सगळे खण भरले म्हणजे बरोबर हाच आकडा होतो. त्यात आणखी एक मिळवा, तो सरळ शून्यावर येतो. पैसा गेल्यावर 'आता एकच माणूस आणा, मग सगळं सुटेल' म्हणणाऱ्यांनी हे यंत्राकडून शिकावं.

काकूंचं सांगायचं राहिलं. त्यांनी पैसे परत घ्यायला साफ नकार दिला. "माझ्या सहीनं गेले, माझे गेले," म्हणाल्या. मग मी त्यांना सांगितलं, की बँकेत एक खातं उघडायचंय, सही द्या. त्यांच्या नावावर दरमहा तीनशेचं रिकरिंग काढलं, चोवीस महिन्यांचं, आणि हप्ता मी भरत राहिलो. दोन वर्षांनी सात हजार दोनशे आणि वर पाचशे-काही व्याज असं त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा मोजले. मग विचारलं, "दुप्पट झाले का रे?"

म्हटलं, नाही काकू. पाचशेच वाढले.

"मग बरं," काकू म्हणाल्या. "दुप्पट झाले असते तर मला पुन्हा भीती वाटली असती."

एवढं गणित मला बारावीत कुणी शिकवलं नव्हतं.

मेहुण्याचं म्हणाल तर तो मधे बरीच वर्षं आमच्याकडं यायचा थांबला होता. ते सहाशे रुपये आणि ती गादी आमच्या दोघांच्या मधे पडून होती. ही मनातल्या मनात कुढायची, राखी पोस्टानं पाठवायची. शेवटी मीच फोन केला. बुडाला तोही होताच, माझ्या एकच ओळ वर. आता येतो. आला की त्याच गादीवर झोपतो, कारण घरात दुसरी जास्तीची गादी नाही. गुडघे त्याचेही दुखतात.

परवा तो आमच्या शाखेत आला. टाय नव्हता, हातात मोबाइल होता. काउंटरवर कोपर टेकून हळू आवाजात म्हणाला, "भावोजी, एक नवीन ॲप आलंय. यात गादीबिदी काही नाही. फक्त दोन मित्रांना..."

मी एक अक्षर बोललो नाही. काचेखालची चिठ्ठी काढली आणि त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती उचलली, वीसच्या वीस आकडे नीट वाचले आणि चेहरा उजळून म्हणाला, "अरे वा, भावोजी, तुम्ही आधीच जॉइन झालात? हा कोड कुठं टाकायचा?"